हळदीच्या दिवसांतला उजेड

कुरुंदा गावाच्या बाजूनं वारा आला की समजायचं, कुणाची तरी हळद शिजायला लागली. हा वास एकदा घरात शिरला की आठ-दहा दिवस भाकरीला तोच, चहाला तोच, अंथरुणालाही तोच. बाहेरगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नाही. उलट वर्षाचं काम हाताशी आलं म्हणून बरंच वाटतं. यंदा मात्र पहिल्या दिवशी वास आला आणि मी उठून पश्चिमेची खिडकी धाडकन लावून घेतली. खिडकी लावून काय होणार, डोंबल! पत्र्याच्या फटीतून यायचा तो आलाच. मग स्वतःवरच चिडलो आणि खिडकी पुन्हा उघडली.

खिडकीपाशी माझं टेबल आहे. गेल्या हळदीत ते माझा स्टुडिओ होतं. नंतर वर्षभर त्यावर जुनी वर्तमानपत्रं, दाढीचं सामान आणि एका बाजूला थर्माकोलची पांढरी शीट पडून होती. शीटच्या एका कडेला चार बोटांचे पिवळे ठसे आहेत. ते माझे नाहीत, आक्काचे आहेत. वर्षभरात मी ती शीट पुसली नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आमची माय मी चार वर्षांचा असताना गेली, आणि आक्काचा नवरा तिच्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी. सासरच्यांनी तिला आणून सोडलं ते कायमचं. म्हणजे आम्ही दोघंही उरलेलो, एकमेकांच्या वाट्याला आलो. पुढं मी फोटोग्राफर झालो, लग्नाचा. वसमतपासून कळमनुरीपर्यंतच्या मांडवांत फिरलो. आक्का म्हणायची, "दुसऱ्याच्या अंगाला लागलेल्या हळदीचे फोटू काढत फिरतो, तुह्या अंगाला कवा लागायची?" ती काही लागली नाही. राहून गेलं, झालं. घरात आक्का होती, त्यामुळं राहून गेलंय हे फारसं जाणवलंही नाही.

पाडव्याच्या पुढं तिचं वर्षश्राद्ध आहे. भिंतीवर फोटो पाहिजे. वर्षभर खिळा ठोकलेला होता आणि फोटो नव्हता. फोटोग्राफरच्या घरात फोटो नाही म्हणून लोक हसले असतील. पण फोटो होता. एकच होता आणि सुरेख होता, बघणारा वा म्हणेल असा. तोच मला भिंतीवर लावायचा नव्हता, आणि का लावायचा नव्हता हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या हाताला काम कमी होतं. लग्नाला आता पुण्या-औरंगाबादची पोरं येतात, ड्रोन उडवतात. आपल्या म्हाताऱ्या कॅमेऱ्याला कोण विचारतो? तेवढ्यात गावातल्या बचत गटाच्या बाया आल्या. त्यांना हळदीची पाकिटं मोबाइलवर विकायची होती. "भाऊ, पाकिटाचा फोटू असा काढा की बघणाऱ्याला वास आला पाहिजे." मी हो म्हणून बसलो. आणि मग कळलं की मला ते येतच नाही. नवरीला फोटो काढताना नीट बस म्हणता येतं, हसायला सांगता येतं. हळकुंडाला काय सांगणार?

मोबाइलवर एक बाई शिकवायची. तिचं म्हणणं, घरात बसून लहान वस्तूंवर हात बसवा. एक खिडकी, एक दिवा, एक पांढरी शीट, बास. तिचा पहिला धडा अंड्याचा. पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं ठेवायचं आणि नुसत्या उजेड-सावलीनं त्याचा गोलपणा दाखवायचा. ज्याला अंडं जमलं त्याला माणसाचा चेहरा जमला, असं ती म्हणायची.

"अंडं?" आक्का चुलीपुढून ओरडली. तिच्या गळ्यात माळ. "माह्या घरात अंडं? दिग्या, टाळकं फिरलं का तुहं?"

"खायला न्हाई आक्का, फोटोला."

"फोटूला काहून व्हईना. घरात न्हाई म्हंजे न्हाई."

थोड्या वेळानं तिनं एक बटाटा उकडून, सोलून, टेबलावर आणून ठेवला. "घे तुहं अंडं." दोन दिवस मी त्या बटाट्याला उजेड देत बसलो. अर्ध्या तासात तो काळा पडायचा, आणि आक्का येता-जाता म्हणायची, "सडून राहिलं बघ तुहं अंडं. कोंबडी बसव त्याच्यावर."

मग हळूहळू घरातली एकेक वस्तू टेबलावर यायला लागली. पितळी अडकित्ता, स्टीलचा पेला, लोणच्याची काचेची बरणी, जायफळ. पेल्यानं मला सगळ्यात जास्त छळलं. पेल्याला स्वतःचं असं रूप नसतं, समोर जे येईल ते तो दाखवतो. खिडकी दाखवतो, टेबल दाखवतो, माझी ढेरीसुद्धा दाखवतो. अडकित्त्याचं तसं नाही. त्याला एका बाजूनं उजेड दिला की तो गप्प बसून राहतो आणि दांड्यावरची झीज दिसायला लागते. आक्काच्या अंगठ्यानं चाळीस वर्षांत जिथं झिजवलं, नेमकी ती जागा. रोज बघायचो मी तो अडकित्ता. ती जागा कधी पाहिली नव्हती.

एके दिवशी आक्कानं तिची पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून कापडात गुंडाळलेली जोडवी काढून आणली. तिच्या लग्नातली. मी ती कधीच पाहिली नव्हती. "हे काढ," म्हणाली. "चांदीवर उजेड बरा पडत असंल." मी टेबल मोकळं केलं. दुपारभर आम्ही त्या दोन लहान चांदीच्या कड्यांना उजेड दिला. ती शीट धरून उभी, मी वाकलेला. फोटो झाल्यावर तिनं ती पुन्हा कापडात गुंडाळली. "चांगली हायत अजून," एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

शीट धरायचं काम तिचंच होतं. खिडकीतून आलेला उजेड शीटवर आपटून वस्तूच्या अंधाऱ्या बाजूला पडला पाहिजे, म्हणून कुणीतरी शीट धरून उभं राहावं लागतं. "मी का खुंटी हाय का रे?" ती वैतागायची. "खुंटी बोलत न्हाई, आक्का. हलू नको." आणि ती बोलायची! कुणाची सून माहेराहून आली नाही, कुणाच्या म्हशीनं दूध आखडलं, कुणाच्या हळदीचे गड्डे आत कुजले. अर्धा तास धरून उभी राहायची आणि अर्धा तास तोंड चालू. मी म्हणायचो, जरा गप बस ना, मला सुधरू दे. काय मूर्ख माणूस होतो मी!

यंदा शीटला वीट लावून उभी करून पाहिली. वारा आला की पडते. परवा ती पडायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्का, जरा वर." रिकाम्या घरात तो आवाज मोठा वाटला. मग कॅमेरा खाली ठेवला. एकटं वाटतं, सरळ सांगतो. दोन भाकरी थापायच्या, एक खायची, एक सकाळी शिळी खायची. असं जगणारे खूप असतील. पण मला त्याची सवय होत नाही.

आमचं अंगण ऐसपैस. आमची थोडी आणि शेजारच्या गयाबाईंची बरीच, अशी सगळी शिजवलेली हळद तिथंच वाळते. पंधरा-वीस दिवस अंगणात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत आमच्या गावात सगळेच पिवळे. तळपाय पिवळे, नखं पिवळी, धुतलेली धोतरं पिवळी, कुत्रंसुद्धा पिवळ्या पायांनी फिरतं. कुणाला त्याचं काही वाटत नाही. होळीपर्यंत उतरतं.

तर मधेच माझे फोटो पिवळे यायला लागले. पेल्याची एक बाजू पिवळी, जोडवी पिवळी, पांढरा कागद पिवळा. दिवा बदलला. कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. त्याचं वय झालं म्हणालो. त्या शिकवणाऱ्या बाईलाही दोन शब्द ऐकवले. आक्का बघत होती. ती उठली, खिडकी आणि पेला यांच्यामधे तिनं आपला आडवा तळवा धरला, खिडकीच्या खालच्या अंगाला. पेल्यावरचा पिवळा पट्टा गेला. तळवा काढला, पट्टा आला.

"दिव्याला काहून शिव्या देऊन राहिला?" ती म्हणाली. "अंगणात हळद हाय. ऊन तिच्यावर पडतं अन् ती घरात येऊन राहिली."

मी बघतच राहिलो. तीस वर्षं कॅमेरा गळ्यात घालून फिरलो, आणि चुलीपुढच्या बाईनं एका तळव्यात दाखवून दिलं. मग आम्ही तोडगा काढला. दुपारी दोन तास खिडकीसमोरच्या हळदीवर पांढरी चादर अंथरायची. चादर अंथरली की पेला पेल्यासारखा आणि कागद पांढराफेक. गयाबाई कुंपणावरून ओरडायच्या, "भाऊजी, हळदीला ऊन लागू द्यान! का फोटूच विकायचेत?" आक्का त्यांना परस्पर उत्तर द्यायची, मी आपला हसायचो. मला फार मोठी विद्या आल्यासारखं झालं होतं. जिथं पिवळं दिसलं तिथं मी म्हणायचो, हळद.

त्याच दिवसांत आक्काला भाकरी जाईना. म्हणाली, तोंडाला चव नाही. मी म्हणालो, वासानं. अंग खाजवायला लागली. मी म्हणालो, हळदीची धूळ. दुपारची आडवी व्हायला लागली, जी कधी झाली नव्हती. मी म्हणालो, आता साठी उलटली, काम कमी कर.

एका दुपारी ती आपण होऊन म्हणाली, "दिगू, वस्तूंचे लई काढलेस. माहा एक काढ."

मी उडालोच. फोटो म्हटलं की पदरानं तोंड झाकणारी बाई. "काय आक्का, म्हातारपणी हौस आली व्हय?"

"आली समज. आरशाला डाग पडलेत, त्याच्यात काही दिसत न्हाई. तू काढ. डोळे नीट येऊ दे."

तेव्हा ते मला नुसतं नटणं वाटलं. मी चादर अंथरली, नीट, दोन वेळा कोपरे ओढून. तिला खिडकीपाशी पाटावर बसवलं. तिला नुसतं बसणं जमेना, हाताला काही पाहिजे. म्हणून माझा पांढरा शर्ट मांडीवर घेऊन ती बटण लावायला लागली. वरचं बटण तुटलं होतं, महिनाभर तसाच घालत होतो. तिनं दातानं दोरा तोडला, मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि मी फोटो काढला. हात बसला होता माझा. गालावरून उतरत गेलेली सावली, डोळ्यांत खिडकीचा लहानसा चौकोन. अंड्याच्या धड्यात त्या बाईनं सांगितलं होतं तसं, अगदी बराबर.

कॉम्प्युटरवर उघडला तर चेहरा पिवळा. डोळेही पिवळट.

मी काय म्हणालो असेन? हळद म्हणालो. चादर पुरली नाही म्हणालो. स्क्रीनवर एक पट्टी असते, तिचं बटण निळ्याकडं सरकवलं की पिवळं कमी होतं. ते सरकवलं. आक्काचा चेहरा गव्हाळ झाला, तिचा पूर्वी होता तसा. मांडीवरच्या शर्टावर थोडी निळी झाक आली. मला ते आवडलं. आमच्याकडं पांढऱ्या कपड्याला नीळ देतातच की. आक्का दर आठवड्याला माझ्या शर्टांना नीळ द्यायची. तसा नीळ दिल्यासारखा शर्ट दिसत होता, उलट जास्तच पांढरा. मग डोळे उरले. लग्नाच्या अल्बमात आम्ही प्रत्येक नवरीचे डोळे पांढरे करतो. हाताला सवय. दोन मिनिटांचं काम. ते केलं.

वसमतला जाऊन कागदावर काढून आणला. आक्का फोटो घेऊन दारात उजेडाला गेली. आधी लांब धरला, मग जवळ आणला. बराच वेळ बघत होती.

"डोळे पांढरे हायत की रे," म्हणाली.

"मग! काढलाय कोणी?"

ती हसली. फोटो आरशामागं खोचून ठेवला. संध्याकाळी पीठ मळताना काहीतरी गुणगुणत होती. मला वाटलं, फोटो आवडला.

नंतर हळद फिरत्या लोखंडी ढोलात घालून घासली, पोती भरली, टेम्पो आला आणि गेला. अंगण मोकळं झालं. आक्कानं ते झाडलं, शेणानं सारवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन दारात आलो. ती अंगणाच्या मधोमध खराटा घेऊन उभी होती. हळद नव्हती. कुठंच पिवळं काही नव्हतं. सारवलेली काळपट जमीन, वर निळं आभाळ, आणि मधे आक्का, गळ्यापासून कपाळापर्यंत पिवळी. मी कप कुठं ठेवला ते आठवत नाही.

म्हण आहे, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं. आमच्या घरी उलटं झालं. जग पिवळं होतं म्हणून कावीळ दिसली नाही. पण हेही पूर्ण खरं नाही. दिसली होती. मी ती पुसली.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"दोन दिवस झाले, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "दोन दिवसांचं नाही हे." पित्ताच्या नळीत गाठ निघाली. ताप चढला होता. थोडं लवकर आणायला पाहिजे होतं, असं ते म्हणाले. गयाबाई म्हणतात, डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतात. म्हणत असतील. महिनाभर आधी नेऊन काय फरक पडला असता हे मला कळणार नाही, कळण्याचा मार्गही राहिला नाही. पण तो महिना माझ्या हातात होता आणि मी त्याला निळा रंग दिला, हे मला माहीत आहे.

तिथं, खाटेवर, तिसऱ्या का चौथ्या दिवशी, तिनं मला जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता. "दिगू, फोटूत तं पांढरे होते रे डोळे."

मला तेव्हा सांगता आलं असतं. समोर होती, डोळे उघडे होते, रागावली असती तर रागावली असती. तिच्या शिव्या मी जन्मभर खाल्ल्यात. पण मी म्हणालो, "उजेड तसा होता, आक्का. उजेडाची चूक झाली."

"व्हय?" म्हणाली. "असंल." आणि भिंतीकडं तोंड केलं. पाडवा झाला आणि ती गेली.

दहाव्याला गयाबाई चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या. आपल्याच नादात सांगायला लागल्या. "म्या म्हणलं होतं भाऊजी आक्काला, डोळे पिवळे दिसून राहिले, एकडाव दाखवून या. लई भ्याल्या होत्या. दिगूला सांगू नको म्हणल्या, घोर लावून घेतंय ते पोरगं. मंग चार दिवसांनी फोटू घेऊन आल्या माह्याकडं. बघ म्हणल्या, पांढरेशुभ्र हायत. कॅमेरा काही खोटं बोलतो का? म्या म्हणलं, न्हाई बाई. कॅमेऱ्यातच न्हाई म्हंजे न्हाईच."

त्यांनी भाकरी उलटली. मी सरपण आणतो म्हणून उठलो आणि गोठ्यामागं जाऊन उभा राहिलो. तिला भीती वाटत होती, आणि तिनं या जगात एकाच माणसाला विचारलं होतं. सरळ नाही विचारलं, फोटो काढ म्हणाली, डोळे नीट येऊ दे म्हणाली. मी तिला नवरीसारखं सजवून परत पाठवलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. पण स्वतःच्या डोळ्यांना आरसा लागतो, आणि तिचा आरसा डागाळला होता म्हणून तिनं माझ्यावर भरवसा ठेवला.

यंदा पाऊस लांबला, हळद उशिरा शिजली. बचत गटाच्या बाया पुन्हा आल्या. पाकिटाचा आकार मोठा केलाय, नवे फोटो पाहिजेत. नाही म्हणणार होतो. पण त्यांतली एक थर्माकोलच्या शीटकडं बघून म्हणाली, "आक्का धरायच्या न्हाई का हे?" आणि मी हो म्हणून गेलो. टेबल पुसलं. पेला घेतला, अडकित्ता घेतला, पुन्हा पहिल्यापासून हात बसवायला लागलो. माघ गेला, फाल्गुन आला. कुंपणापलीकडचा पळस फुलला. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलाच्या कडेपर्यंत येतं, तासभर थांबतं, मग सरकत भिंतीवर त्या खिळ्यापाशी जातं. रोज. मी काम थांबवून बघत बसतो. आक्का असती तर म्हणाली असती, बघून काय पोट भरतंय का?

एका दुपारी कॉम्प्युटर उघडला आणि तो फोटो काढला. जिथं दुरुस्ती केली असते तिथंच, मूळ चित्र परत आणायची सोय असते. एकदा बटण दाबलं की झालं. ते एक बटण दाबायला मला वर्ष लागलं. दाबलं. शर्टाची निळी झाक गेली आणि शर्ट पांढरा झाला. स्वच्छ, दुधासारखा पांढरा. नवं बटण पांढरं. तिच्या दातांतला दोरासुद्धा पांढरा. आणि तिचा चेहरा पिवळा, डोळे पिवळे, आणि त्या डोळ्यांत, गेल्या वर्षी मला जे कौतुक वाटलं होतं, ते कौतुक नव्हतंच. ती विचारत होती. मी बराच वेळ रडलो. घरात कुणी नव्हतं, त्यामुळं आवाज दाबायचं कारण नव्हतं.

वसमतला फ्रेमवाल्याकडं नेला. त्यानं फोटो उजेडाला धरला. "साहेब, पिवळा आलाय. करेक्ट करून देऊ? पाच मिनिटं."

"न्हाई."

"बघा बरं. लोक काय म्हणतील, फोटोग्राफरच्या घरचा फोटो अन् असा."

"हाय तसा लावा," मी म्हणालो. तो नाइलाजानं काच पुसायला लागला.

काल दुपारी फोटो भिंतीवर लावला. खिडकीसमोर अंगणभर हळद वाळत होती. मी आत-बाहेर करत होतो, तेवढ्यात गयाबाई श्राद्धाच्या सामानाचं विचारायला आल्या. उंबऱ्यातच थांबल्या आणि फोटोकडं पाहून त्यांचं तोंड उतरलं.

"हा काहून लावला, भाऊजी? तो चांगला होता ना, आक्का दाखवायला आणल्या होत्या तो. ह्याच्यात तोंडावर हळदीचा उजेड पडलाय."

हो म्हणणं सोपं होतं. दवाखान्यात म्हणालो होतो तसं. मी भिंतीला हात टेकला.

"न्हाई, वहिनी," मी म्हणालो. "हळदीवर चादर अंथरली होती. उजेड चांगला होता."

त्यांना कळेना. त्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"तिच्या मांडीवरचा शर्ट बघा," मी म्हणालो. "शर्ट पांढरा हाय."

त्यांनी शर्टाकडं पाहिलं. मग आक्काच्या डोळ्यांकडं पाहिलं. मग पुन्हा शर्टाकडं. आणि पदर तोंडाला लावून त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या.